कारखान्याचं जाकीट

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला मी तेच प्रश्न विचारते. "विडी, सिगारेट?" "या वयात शिकवता का?" आजी हसल्या. आजोबा पाण्याची बाटली भरायला गेले होते. "घरात कुणी ओढायचं?" "छे! हे जन्मभर अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात होते, पण निर्व्यसनी." "त्यांचे कपडे कोण धुवायचं?" "मीच. आधी झटकायचे, पांढरी धूळ उडायची." बोलता बोलता त्या थांबल्या. "त्या धुळीनं?" मी मान डोलावली. तेवढ्यात आजोबा आले. "डॉक्टर, कशानं झालं हिला?" "माझ्या माहेरच्या चुलीनं," आजींनीच सांगून टाकलं. "बघा! हिच्या माहेरची एकेक देणगी!" मग आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "धुरानंही होतं," मी म्हणाले. तेही खरं होतं. एसीच्या गारव्यात आजी कुडकुडल्या. आजोबांनी अंगातलं कारखान्याचं जुनं जाकीट काढून त्यांच्या खांद्यांवर घातलं. आजींनी ते छातीशी घट्ट ओढून घेतलं.