दोन कॉम्प्युटरांमधला माणूस

हिंगण्याच्या त्या कारखान्यात पंपाचं डिझाइन एका कॉम्प्युटरवर व्हायचं आणि मोटारीचं दुसऱ्यावर. दोन्हींची सॉफ्टवेअर वेगळी, त्यामुळे एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला वाचता येत नसे. जुने ड्राफ्ट्समन डोमाजी दोन्ही ड्रॉइंग समोर ठेवून मापं हातानं जुळवून द्यायचे. तात्पुरत्या नोकरीवर आलेला मुकुंद त्यांच्याच शेजारी बसून ते काम शिकला आणि त्यानं दोन्ही सॉफ्टवेअर जोडणारा प्रोग्राम लिहिला.

प्रोग्राम चालला त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"आता डोमाजींची गरज आहे का?"

मुकुंदची स्वतःची नोकरी अजून कच्चीच होती. तो खाली मान घालून म्हणाला, "तशी नाही, सर."

बाहेर आला तर डोमाजी संत्रा बर्फीचा डबा घेऊन दारातच उभे. त्याला त्यांच्याकडे बघवेना.

"तोंड गोड कर गा, मुकुंदा! सकाळी साहेबानं मले विचारलं, या पोराले कायम करू का म्हणून.



मी म्हटलं, एक वेळ मले काढा, पण याले सोडू नका."