पाहुण्यांचं नेटवर्क

राउटर बसवणारा तिला समजावत होता, “वहिनी, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलंय. पासवर्डशिवाय आत कुणी शिरत नाही, पण नाव मात्र अख्ख्या बिल्डिंगच्या फोनवर दिसतं.”

नवरा फोनवर बोलत गॅलरीत गेला, तसं तिने हळूच विचारलं, “ते नाव मला बदलता येतं?”

“वाट्टेल ते ठेवा की!” तो हसला. “लोक काय काय गमती करतात.”

संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर नवं नाव झळकलं, ‘तिसरा मजला, मला वाचवा’. ‘फुकट्यांनो लांब राहा’, ‘सासूला सांगू नका’ असली नावं मिरवणाऱ्या त्या बिल्डिंगमध्ये हशा पिकला. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तर आपल्या वायफायचं नाव बदलून तिला लगोलग उत्तरही दिलं.

आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरून चादरीने झाकलेलं स्ट्रेचर उतरलं. जिन्यात उभ्या पोलिसाला फोटो पाठवायला रेंज मिळेना, म्हणून त्याने फोनवर वायफायची यादी उघडली.

 

तिच्या हाकेच्या अगदी खालीच काकांचं उत्तर होतं, ‘आधी पासवर्ड दे, मग वाचवतो’.