बाईसाहेबांचा साज

लेकीच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं होतं. "बाबा, मला यायला उशीर झाला, हे मी रोज स्वतःला सांगते. तुम्ही सांगायला नको होतं."

बायको गेली त्या दिवशी, भरल्या घरात, ते लेकीला म्हणाले होते, "तू वेळेवर आली असतीस तर ती वाचली असती." जन्मभर छापखान्यात लोकांच्या चुका दुरुस्त केल्या, स्वतःचं हे एक वाक्य काही खोडता आलं नाही. उत्तरं लिहिली आणि फाडली. पुढे मोतीबिंदू वाढला, सगळंच मातकट दिसू लागलं.

शेवटी त्यांनी बाईसाहेबांना नटवायचं ठरवलं.

बाईसाहेब म्हणजे घरची कुत्री. त्या घरात कुणालाच तोंडाने माफी मागता यायची नाही. लेकीनेच शाळेत असताना युक्ती काढली होती. ज्याचं चुकलं त्याने आपला दागिना बाईसाहेबांना घालायचा आणि रुसलेल्या माणसाकडे पाठवायचं. त्याने तो काढून घेतला, बाईसाहेब मोकळ्या गळ्याने परतल्या, की मिटलं; दागिना मग ज्याचा त्याला परत द्यायचा. लेक चुकली की तिची हिरव्या मण्यांची माळ. बाबा चुकले की आईची लाल.

"चुका तुमच्या आणि माळ माझी झिजते," बायको म्हणायची.

हिरवी माळ लेकीबरोबर तिच्या घरी गेली होती. त्यांनी चाचपडत डबी उघडली, आत उरलेली लाल माळ म्हाताऱ्या कुत्रीच्या गळ्यात बांधली. पुस्तकातली खुणेची रेशमी फीतही कानाला लावली. उगाच, जरा बरं दिसावं म्हणून.

"काका, नवरी जोरात आहे," रिक्षावाला म्हणाला. "वऱ्हाडी तुम्ही एकटेच?"

"लेकीकडे जायचंय."

"मग तोंड असं का पाडलंय?"

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी कुत्रीला सोडलं. घर तिच्या ओळखीचं होतं. ते मात्र खांबाआड उभे राहिले. दार वाजलं. मग बराच वेळ काहीच नाही. मोकळ्या गळ्याने आली तर दार ठोठावायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

मण्यांची किणकिण आधी ऐकू आली.

बाईसाहेब गळा भरलेलाच घेऊन परतल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलंही नाही. "चल," एवढंच म्हणाले.

त्यानंतर माळ तिच्या गळ्यातच राहिली. शेजारच्या शिंपीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो काका, टोचत असेल बिचारीला. काढून टाका की."

"मी हात लावायचा नाही. जिच्याकडे पाठवली तिनेच काढायची."

"आणि नाहीच काढली तर?"

त्यांनी बाईसाहेबांपुढे पाण्याची वाटी सरकवली.

थंडीत बाईसाहेब गेल्या. त्यांना मातीत ठेवण्याआधी शिंपीणबाईंनीच माळ सोडवली, पुसून डबीत ठेवली. "लेकीला कळवू का?"

"नको. तिला माझं काही ऐकायचं नाहीये."

उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा शिंपीणबाई हसत म्हणाल्या, "आता तरी त्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघा."

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. आता निमित्त उरलं नव्हतं. या वेळी फाडलं नाही. "तू माफ केलं नाहीस, ते बरोबरच आहे. आईची माळ तेवढी तुझ्याकडे असू दे." पाकिटावर पत्ता घातला. मग माळ घ्यायला डबी उघडली आणि खिडकीशी नेली.

एकेक मणी त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग लिहिलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला, नुसती माळ पाकिटात घातली आणि उन्हातून चालत जाऊन ते पेटीत टाकून आले. माळ हिरव्या मण्यांची होती.