नोटिशीतून गाळलेला शब्द

“हा शब्द कुठे गेला ते सांगा,” मॅनेजर म्हणाला आणि त्याने पत्र टेबलावरून तिच्याकडे ढकललं.

चौकशी सहाव्या मजल्यावर, मॅनेजरच्या केबिनमध्ये, साडेदहाची होती. तो दहा मिनिटं उशिरा आला. आल्या आल्या कॉलरचं बटण सोडलं, मान पुसली, पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागवला. साहेबांना इतकं संतापलेलं एचआरच्या माणसाने कधी पाहिलं नव्हतं. तो मान खाली घालून, लिहायचे कागद पुढे ओढून बसला.

भाषांतरकार बाईने पत्राला हात लावला नाही. ते तिला पाठ होतं. कारखान्यात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद कामगारांना कळेल असा करून द्यायचा, हे तिचं काम. हे पत्र लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं होतं, जेमतेम चार ओळींचं. लिफ्टचा दोर झिजला आहे, महिनाअखेरीआधी तो ‘पॉसिब्ली’ तुटेल, नवा यायला सहा आठवडे लागतील.

तिने लिफ्टच्या दारावर लावलेली नोटीस त्याहून लहान होती. दोर झिजला आहे. महिनाअखेरीआधी तुटेल.

तेव्हापासून तीन दिवस तीनशे माणसं सहा मजले पायी चढत होती. कापडाचे तागे खांद्यावरून वर जात होते आणि शिवलेले शर्ट खांद्यावरून खाली येत होते. माल मागे पडला होता.

“मी गाळला,” ती म्हणाली.

“विसरलात?”

“नाही. गाळला.”

“लिहून घ्या,” मॅनेजर एचआरच्या माणसाला म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “अर्थ तरी माहीत आहे का त्याचा?”

“घडू शकतं. घडेलच असं नाही.”

“शंभरात किती?”

“ते हा शब्द सांगत नाही. शंभरात चाळीस असले तरी हाच, एक असला तरी हाच. लिहिणाऱ्याला अंग काढून घ्यायचं असलं, तरीही हाच.”

“इथे शिकवणी नको. ‘कदाचित’ लिहायला शाई संपली होती?”

“‘कदाचित’ लिहिलं की लोक पुढचं वाचत नाहीत. मागच्या वर्षी बॉयलरच्या नोटिशीत लिहिलं होतं मी. ज्याचा हात भाजला तो मला म्हणाला, बाई, तुम्हीच तर कदाचित म्हणाला होतात.”

मॅनेजर हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

“तुमचा धाकटा दीर पाचव्या मजल्यावर कटिंगला आहे. हे सांगायचं बरं राहून गेलं.”

“आहे.”

“म्हणजे घरच्या एका माणसापायी अख्खा कारखाना वेठीला धरलात.”

“त्याला मी जेवताना सांगू शकले असते, साहेब. त्याला नोटीस कशाला लागते?”

एचआरच्या माणसाचं पेन थांबलं.

“हे लिहायचं नाही,” मॅनेजर म्हणाला.

भिंतीपलीकडे लिफ्ट घरघरत वर आली. दार उघडल्याचा आवाज झाला, मग मिटल्याचा. घरघर खाली गेली. तीन दिवस हे असंच चाललं होतं. चौथ्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसून तीही ते ऐकत होती.

“ऐकलंत? बंद आहे का ती? मी रोज तिनेच येतोय-जातोय. शंभर किलोचं धूड आहे माझं. तुटला दोर?”

इथवर ती हट्टाने बोलत होती. आता पहिल्यांदा तिला वाटलं, की आपण राईचा पर्वत केला असावा. कुणी उगाच स्वतःच्या जिवाशी खेळत नाही.

त्याने दोन कागद तिच्यापुढे ठेवले. एक बडतर्फीचं पत्र होतं. त्यावर नावं दोन होती, तिचं आणि दिराचं. घरात कमावती माणसंही तेवढीच. दुसरी नवी नोटीस होती. तिच्यात ‘कदाचित’ इतकं ठळक छापलं होतं, की दोर शोधावा लागत होता. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडली होती.

“एक निवडा.”

तिने नोटिशीवर सही केली. अक्षर जरा वाकडं आलं.

“कसं, शहाण्यासारखं. आता अकराची सुट्टी होईल, सगळे खाली जमतील. त्यांच्यादेखत ही दारावर लावा. आणि लिफ्टने उतरा. जिने घाबरवलं तीच आतून बाहेर येताना दिसली, की आपोआप चढतील सगळे.”

तिने मान हलवली. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

बाहेर लिफ्टमन स्टुलावर बसला होता. साठीचा माणूस, सगळे त्याला काका म्हणत. लिफ्ट उघडीच होती. तिच्या हातातला कागद त्याने पाहिला.

“खाली, बाई?”

“खाली.”

ती आत शिरली. त्याने बाहेरूनच हात आत घालून तळमजल्याचं बटण दाबलं आणि हात मागे घेतला.

“तुम्ही नाही बसत, काका?”

“मला बाहेरच बसायला सांगितलंय.” तो पुन्हा स्टुलावर टेकला. “भीती नाही वाटत?”

“साहेब रोज जातात. मला काय धाड भरलीय?”

काकांच्या कपाळावर आठी पडली. दार मिटू लागलं होतं.

“साहेब? ते तर जिन्यानेच येतात,” फटीतून काका म्हणाले. “मला नुसती फिरवत ठेवायला सांगितलंय. तीन दिवसांत आत पाय ठेवलेल्या तुम्हीच पहिल्या.”