चुकलेला ब्रेक

"हे स्पेलिंग कुणाचं?" मॅनेजर देशमाने गेटबाहेर येऊन हसत म्हणाले.

"माझं," कस्तुरा म्हणाली. तिच्या हातातल्या पुठ्ठ्यावर लाल रंगात इंग्रजीत लिहिलं होतं, 'नो ब्रेक, नो वर्क'. दुपारी गाड्यांच्या कंपनीचे परप्रांतीय साहेब पाहणीला येणार होते. त्यांना वाचता यावं म्हणून इंग्रजी.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक बनत. लाईनवर सगळ्या बायका. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला विचारायचं, आणि तो म्हणायचा, थांबा. बायकांनी पाणी पिणंच सोडलं होतं. परवा मिनल लाईनवरच कोसळली. किडनीला सूज आलेली. ती पिंपरीला हॉस्पिटलात पडून होती आणि तिच्या जागी लगेच दुसरी पोरगी उभी केली होती. आज सकाळी कुणीच आत गेलं नाही.

"हा गाडी थांबवायचा ब्रेक झाला, बाई. तुम्हाला सुट्टीचा पाहिजे ना? त्याचं स्पेलिंग वेगळं. साहेबांपुढे हसं होईल तुमचं. फाडा तो पुठ्ठा."

मागे उभे असलेले सुपरवायझर खिदळले. शेजारी उभ्या दुर्गाबाईनं कस्तुराचा हात ओढला. "ऱ्हाऊ दे गं. हसत्यात लोकं."

कस्तुराची कानशिलं तापली. पण ती हलली नाही.

"म्हंजे शब्द दोन, आन् बोलायला सारखेच?"

"हो."

"मग सुट्टीचा कसा लिहायचा, सांगा की."

देशमान्यांना गंमत वाटली. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं.

कस्तुरानं पुठ्ठा उलटा करून जमिनीवर ठेवला. सावकाश, अक्षर अक्षर गिरवत नवी ओळ लिहिली. मग पुठ्ठा डोक्यावर धरला.

"आता वाचा, साहेब. नो ब्रेक, नो ब्रेक. सुट्टीचा ब्रेक न्हाई, तर गाडीचा ब्रेक न्हाई."

या वेळी बायका हसल्या.

दुपारी पाहुणे आले. त्यांनी गेटवर गाडी थांबवून पुठ्ठा वाचला, आत जाऊन बंद पडलेली लाईन पाहिली. थोड्या वेळानं देशमाने एकटेच बाहेर आले. शर्ट घामानं भिजला होता.

"बरं. किती मिनिटांचा ब्रेक पाहिजे?"

"मिनिटं कसली?" कस्तुरा म्हणाली. "लागलं की जाणार. तुमी जाताना कुणाला इचारता, साहेब?"