दुसरं काउंटर

"जरा वर धर गं," शिडीवरून भाऊ म्हणाला, आणि ताईने बॅनरचं खालचं टोक उचलून धरलं. आपल्याच दुकानावर दुसऱ्या दुकानाची जाहिरात चढवायला माणसाने स्वतः हातभार लावायचा, ही गंमत साखळी दुकानांच्या धंद्यातच बघायला मिळते.

'आता तुमच्या आणखी जवळ! नवीन शाखा, अगदी समोर. सोमवारपासून.' अगदी समोर म्हणजे खरंच समोर, रस्त्याच्या पलीकडे. तिथल्या काचांवर आतून अजून कागद चिकटवलेले होते, पण पाटी लागली होती. तोच हिरवा रंग, तीच अक्षरं, तीच हसरी टोपली. फरक एवढाच, की इथे पाटी कंपनीची होती आणि दुकान ताईचं. तिथे पाटीही कंपनीची होती आणि दुकानही.

भाऊ कंपनीच्या जाहिरात विभागात होता. ताईला ही शाखा घ्यायला त्यानेच लावलं होतं. नवीन शाखेचा प्रचार आसपासच्या शाखांनी करायचा, असा कंपनीचा नियम, आणि तो परक्या माणसाने येऊन सांगण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, असा विचार करून तो आला होता. आता शिडीवर चढल्यावर त्याला वाटत होतं, परका परवडला असता.

"मी एक काउंटर मागितलं होतं," ताई खालून म्हणाली.

"माहितेय गं."

"संध्याकाळी रांग दाराबाहेर जाते, म्हातारी माणसं ताटकळतात, म्हणून. एक जास्तीचं काउंटर. तू साहेबांना नीट सांगितलंस ना?"

नीट सांगितलं होतं, हीच तर गोची होती. भर बैठकीत त्याने रांगेचा फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला होता आणि छाती फुगवून म्हणाला होता, ही माझ्या बहिणीची शाखा. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, रांगेच्या मागे तो रिकामा गाळा दिसतोय, तो कोणाचा? फोटोत 'भाड्याने देणे' ही अक्षरंसुद्धा स्वच्छ वाचता येत होती.

"तुझं कौतुकच केलं मी तिथे."

"केलंस की. दिसतंय ना समोर."

"मी उद्या परत बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलणार? पाटी उतरवा म्हणून?"

भावाने दोन खिळे तोंडात धरले. मग हातोडी उचलली.

संध्याकाळ झाली तशी रांग लागायला लागली. ताई आत जाऊन काउंटरला बसली. बिल हातात देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचं होतं, "सोमवारी समोर नक्की या." हसून म्हणायचं, असंही बजावून सांगितलेलं होतं. ती हसून म्हणत होती.

"अगं बाई, दुसरं दुकान काढलंस?" पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या. "बोलली नाहीस ती! तोंड गोड कर आता."

तेच नाव, तोच रंग, बाईंचं काय चुकलं? आधीच्या दोघांना ताईने समजावून सांगितलं होतं, की ते माझं नाही, कंपनीचं आहे. त्यांनी मान डोलावली आणि तरी अभिनंदन करून गेले. आता तिने बरणीतलं एक चॉकलेट काढलं आणि नर्सबाईंच्या हातावर ठेवलं.

रांगेच्या शेवटाला, दाराबाहेर, निवृत्त पोस्टमन आजोबा उभे होते. हातात टोपली, तिच्यात पाव आणि दुधाची पिशवी. गुडघा दुखत असल्यामुळे ते भार कधी या पायावर देत, कधी त्या पायावर. खरं सांगायचं तर ताईने काउंटर मागितलं होतं ते यांच्याकडे बघून.

"ताई, सरळ लागलाय का बघ गं!" बाहेरून भावाची हाक आली.

"एक मिनिट हं," असं रांगेला सांगून ती बाहेर आली. जवळून काही कळेना, म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिकडे दुचाक्यांची गर्दी, उभं राहायला जागा एकच, नव्या दुकानाची पायरी. ती पायरीवर चढली आणि वळली.

या वेळी, या बाजूने तिने आपलं दुकान कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कधी? दिवे लागलेले, मांडण्या भरलेल्या, माणसं दारापर्यंत. किती छान चाललंय, असं तिच्या मनात आलं.

"डावीकडून थोडा वर घे," ती ओरडली. काही झालं तरी तिच्या दुकानावर काही वाकडं लागलेलं तिला खपत नसे.

दाराबाहेरच्या आजोबांनी आधी बॅनर वाचला. मग पलीकडे पायरीवर उभी असलेली ताई पाहिली. त्यांनी हात वर करून एक स्कूटर थांबवली आणि टोपली सांभाळत हळूहळू रस्ता ओलांडू लागले. त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या दोन बायकांनी मागे वळून पाहिलं, एकमेकींशी काहीतरी बोलल्या आणि त्याही निघाल्या.

"अहो आजोबा, ते अजून उघडलं नाही! सोमवारी, सोमवारी!" शिडीवरून भाऊ ओरडत होता. गाड्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आजोबांनी टोपली ताईच्या पायाशी ठेवली, गुडघ्यावर हात टेकला आणि पायरीवर बसले.

"फार बरं केलंत ताई," ते म्हणाले. "आता ताटकळत उभं नाही ना राहावं लागणार?"

ताईने मागच्या कागद लावलेल्या काचांकडे पाहिलं. मग समोर, हातातली हातोडी तशीच धरून थांबलेल्या भावाकडे.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "आता रांगच नसेल."