आरत्या पाठ असलेला भाडेकरू

देवासच्या दत्ताजींनी निवृत्तीची सगळी पुंजी ओतून गच्चीवर दोन खोल्या चढवल्या आणि साठी उलटल्यावर पहिल्यांदाच घरमालक झाले. आता भाडेकरू चांगला मिळाला तर देव पावला, वाईट मिळाला तर देवच राखो! बकुळाबाईंनी बजावलं होतं, "अहो, किल्ली देण्याआधी त्याच्या जुन्या मालकाला एक फोन तरी करा." पण दत्ताजींचं अवघं आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलेलं. माणूस पारखायची त्यांची कसोटी एकच, "भिया, आपली मराठी आरती येते का?"

येणारे बहुतेक मालवी. "नहीं आती काकाजी," म्हणत जिना उतरून जायचे. मग आला राजवीर. हात जोडून त्यानं गणपतीची आरती अस्सल मराठीत, खणखणीत म्हटली. पाठोपाठ शंकराची, देवीची, विठोबाची, वर दत्ताचीही! दत्ताजींचे डोळे भरून आले. "अगं, अशा माणसाच्या का चौकश्या करायच्या? पाप लागेल!" असं म्हणत त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि तोंडात पेढा घातला.

सामान वर चढल्यावर त्यांनी कौतुकानं विचारलं, "इतक्या आरत्या शिकलास कुठं रे बाळा?"

 

राजवीर लाजत म्हणाला, "काकाजी, सब मकान-मालिक मराठी ही मिले. निकालने से पहले हर एक ने एक-एक तो सिखा ही दी!"